फाटकवाल्याचे दोन झेंडे

तेहतीस वर्षं आमच्या ह्यांनी एकच काम केलं. गाडी यायची वेळ झाली की फाटक पाडायचं, रुळाकडेला उभं राहायचं, हिरवा झेंडा दाखवायचा, गाडी गेली की फाटक उचलायचं. आमच्या फाटकावरून कोळशाशिवाय दुसरी गाडीच जात नव्हती. खाणीकडून भरून यायची, वीजकेंद्राकडे जायची आणि रिकामी परत. माणसं बसलेली गाडी ह्यांनी अख्ख्या नोकरीत त्या रुळावर पाहिली नाही. मी म्हणायचे, तुमचं नशीबच काळं. हे हसायचेसुद्धा नाहीत. गाडीची वेळ झालेली असायची.

फाटकाला लागूनच आमच्या दोन खोल्या. वाळलेला कपडा झटकल्याशिवाय मी कधी आत आणला नाही. निवृत्त झाल्यावर लाइनीपलीकडे चारशे पावलांवर राहायला गेलो आणि मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. कसलं सुटतोय!

ह्यांना कोळशाविरुद्धच्या चळवळीत लेकीने ओढलं असं सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. लेक शाळेत विज्ञान शिकवते, तिला बोलायची सवय. ती कोळशाच्या धुराबद्दल, तापत चाललेल्या हवेबद्दल तासभर बोलायची आणि हे पेपरात डोकं खुपसून हं हं करायचे. ह्यांना ओढलं ते रुळाने. पहिल्या तीस वर्षांत उन्हाने वाकलेला रूळ ह्यांनी एकदाच पाहिला होता. नोकरीच्या शेवटच्या तीन उन्हाळ्यांत चारदा पाहिला. चौथ्या वेळी गाडी यायला अकरा मिनिटं होती, आणि हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस लाल झेंडा घेऊन भर उन्हात पळत सुटला. गाडी थांबवली. घरी आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मीच हिरवा दाखवून सोडलेला कोळसा आता माझाच रूळ वाकवतोय." मी म्हटलं, हात धुवा आणि जेवायला बसा. पण त्या दिवशी ह्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

तेव्हापासून आमच्या घराचं ऑफिस झालं. पलंगाखाली पुठ्ठे, दाराआड काठ्या, आणि चहाचं पातेलं तर कधी कोरडं म्हणून राहिलं नाही. मागणी सरळ होती. कोळसा, तेल, वायू जमिनीतच राहू द्या. नवी खाण नको, जुन्या एकेक करून बंद करा, आणि खाणीतल्या माणसांच्या हाताला दुसरं काम द्या. एवढं पुठ्ठ्यावर लिहायला दहा मिनिटं लागतात. हे लोक त्यातल्या एका शब्दावर तीन तास वाद घालायचे, कप मात्र मी विसळायचे. चार वर्षं झाली ह्याला. आधी दिवसाला आठ गाड्या जायच्या, आता सहा जातात. लेक म्हणते, बघ आई, दोन कमी झाल्या. मी म्हणते, बघतेय गं, सहा जातायत तेही बघतेय.

वर्षातून एकदोनदा ही मंडळी रुळावर बसायची. नियम कडक होते. कुणाला शिवी द्यायची नाही, कशाला हात लावायचा नाही, पोलीस उचलायला आले की अंग सैल सोडायचं. रेल्वे स्टेशनात आदल्या दिवशी पत्र द्यायचं, अमुक वाजता अमुक ठिकाणी बसणार म्हणून. पण सगळ्यांत मोठा नियम ह्यांनी घातलेला. भरलेली गाडी ब्रेक लावला की जागच्या जागी थांबत नाही, हे त्या पुठ्ठेवाल्यांना काय माहीत? म्हणून बसायच्या जागेच्या किलोमीटरभर आधी, वळणाच्या अलीकडे, एक माणूस लाल झेंडा घेऊन उभा राहणार. तो उभा राहिल्याशिवाय कुणी रुळाला टेकायचं नाही. तो माणूस अर्थात हेच. लेकीला इतर सगळ्यांची काळजी असायची, गाडीची कधीच नसायची. बाबा आहेत ना वळणावर, म्हणायची.

झेंडे मात्र हे दोन न्यायचे. उजव्या हातात लाल, डाव्यात हिरवा. मी म्हटलं, हिरव्याचं काय काम, गाडी थांबवायला चाललाय की निरोप द्यायला? तर म्हणाले, फाटकवाला एका झेंड्याने उभा राहत नाही, अर्धवट वाटतं. पुढे मी बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

चौथ्यांदा रुळावर बसले तेव्हाची गोष्ट. सकाळचे दहा. वळणापलीकडे चाळीस माणसं सतरंजी टाकून बसलेली, त्यात माझी लेक. इकडे हे झेंडे घेऊन उभे आणि मी स्टूल नि पाण्याची बाटली घेऊन बाजूला, कारण ह्यांना उन्हात चक्कर येते आणि ते कबूल करत नाहीत. गाडी आली, हळू येत होती. ड्रायव्हर ओळखीचा, वीस वर्षं ह्याच लाइनीवरचा, मला वहिनी म्हणणारा. त्याला बसलेल्यांचं ठाऊक होतं. ह्यांना लांबून पाहिलं आणि त्याने शिटी दिली, दोन बारक्या शिट्या. वीस वर्षं फाटकाजवळ आला की तो अशाच द्यायचा, आणि हे हिरवा झेंडा दाखवायचे. तेवढाच दोघांचा रामराम.

ह्यांचा डावा हात वर गेला.

मी बघतेय, हिरवा. मला वाटलं माझंच डोकं फिरलं. ड्रायव्हरला वाटलं, उठली असतील माणसं, आणि त्याने वेग वाढवला. मी ओरडले. ह्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, परक्याचा हात असावा तसं, आणि पुतळाच झाले. उजव्या हातातला लाल झेंडा मी हिसकावून घेतला. तोवर इंजिन आमच्या बरोबरीला आलं होतं. मी तो झेंडा काय हलवला, कसा हलवला, मला आठवत नाही. ड्रायव्हरने पाहिलं एवढं खरं. ब्रेकचा आवाज असा झाला की दात शिवशिवले.

गाडी थांबली ती सतरंजीच्या दोनशे फूट पुढे जाऊन. माणसं आवाजाने उठली होती. शेवटी उठली ती माझी लेक, कारण शेजारच्या म्हाताऱ्या नर्सबाईंचा गुडघा अडकला होता आणि ही त्यांना ओढत होती. आम्ही धापा टाकत पोहोचलो तेव्हा ती खडीत बसली होती, पायात एकच चप्पल. दुसरी रुळावर होती, म्हणजे जे काही राहिलं होतं ते. ड्रायव्हर खाली उतरून ओकत होता. हे लेकीसमोर जाऊन उभे राहिले. मग तिने चाकाखालच्या चपलेकडे पाहिलं आणि हमसून हमसून रडायला लागली. तिला असं रडताना मी ती सहा वर्षांची असताना शेवटचं पाहिलं होतं.

लोक चांगले हो. नर्सबाई स्वतः गुडघ्याला पट्टी बांधून घरी आल्या, म्हणाल्या, चूक कुणाच्याही हातून होते. पण लोकांनी माफ करून काय उपयोग? हे जेवायचे, झोपायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे, आणि डावा हात खिशात घालून बसायचे. घरातसुद्धा. चहाचा कप डाव्या हाताने धरणं सोडलं. मला इतका राग यायचा, आणि इतकी दयाही यायची, की मी भांडी आपटायचे.

आठ महिन्यांनी पुन्हा बसायचं ठरलं. वीजकेंद्राला नवी भट्टी मंजूर होणार होती. झाली असती तर पुढची चाळीस वर्षं सहाच्या नऊ गाड्या. लेक घरी आली, पुठ्ठे न आणता.

"बाबा, वळणावर तुम्हीच उभे राहा. मी बसेन," ती म्हणाली.

हे म्हणाले, "माझा हात माझं ऐकत नाही. तुझा जीव मी त्याच्यावर ठेवणार नाही."

मी कणीक मळत होते. मला ह्या सगळ्याचा वीट आला होता, खरं सांगते. बैठकांचा, उन्हाचा, आठाच्या सहा आणि सहाच्या नऊचा. पण ती दोघं भिंतीकडे बघत बसली होती, आणि वळणावर कुणी नसलं तर कुणी बसणार नव्हतं. नियमच तसा. मी म्हटलं, द्या तो झेंडा इकडे. मी उभी राहते. एकच द्या.

तर असं झालं. परवा वळणावर मी होते आणि हे पहिल्यांदाच रुळावर, लेकीच्या शेजारी बसले होते. साठी उलटलेल्या दोन हाडांचं आमचं घर, त्यातलं अर्धं रुळावर आणि सगळी लेक रुळावर. गाडी दिसली तशी मी स्टुलावरून उठून रुळाकडेला गेले. हातात एकच झेंडा होता, तरी तो कुठल्या रंगाचा आहे हे मी दोनदा पाहिलं. ड्रायव्हर तोच. ह्या वेळी त्याने शिटी दिली नाही. लाल पाहिला आणि माझ्यापासून बरंच अलीकडे गाडी उभी केली. खाली उतरून माझ्या स्टुलावर बसला, माझं पाणी प्यायला. विचारलं, "भाऊ कुठे आहेत वहिनी?" मी सांगितलं, बसलेत.

पाऊण तासाने पोलिसांनी सगळ्यांना उचललं आणि गाडी गेली. भट्टीचं अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा ठरेल.

दुपारी चौकीच्या बाकावर हे बसलेले, कपड्यांना खडीची धूळ. पलीकडे लेक नावं लिहून देत होती. मी शेजारी टेकले. मग ह्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या हाताने दाखवलास?"

"दोन्ही हातांनी," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. खिशातला डावा हात बाहेर काढला आणि माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली घेतली.