पूल शाबूत आहे

उजव्या हाताचं बोट पुस्तकाच्या पानात आणि डाव्या हाताचा पंजा माझ्या टेम्पोसमोर. सुभेदारांची आठवण आली की ते असेच डोळ्यांसमोर उभे राहतात. परिच्छेद पुरा होईपर्यंत पंजा खाली यायचा नाही. मग ते स्वतःशीच हसायचे, पुस्तक टेबलावर उपडं ठेवायचे आणि म्हणायचे, "पूल शाबूत आहे, शेठ. या आता."

रोह्याजवळच्या एका कंपनीच्या गेटवर ते सिक्युरिटीचे प्रमुख होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण गेटवर सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. रोज निडीहून स्कूटरवर यायचे. मी भंगारवाला. पेणला रामवाडीत हायवेला लागून माझी शेड होती. हातगाडी ढकलत ढकलत उभी केलेली. कंपन्यांचे जुने पाइप, मोटारी, पत्रे उचलायचे हा धंदा. या धंद्यात आवाज चढवल्याशिवाय भाव उतरत नाही, आणि माझा आवाज चढायला फारसं कारण लागत नाही.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. टेम्पो रिकामा होता, तरी त्यांनी वाकून पाहिलं, सीटखालची पान्यांची पिशवी काढली आणि एकेक पाना रजिस्टरात लिहिला. त्या गेटची पद्धतच तशी. आत जाऊन पुन्हा बाहेर येणारी प्रत्येक वस्तू 'रिटर्नेबल' पासवर चढायची आणि ती बाहेर पडली, सही झाली, की नोंद बंद. मी वैतागून म्हणालो, माझ्या तोंडातले दात पण लिहा.

त्यांनी खरंच पेन उचललं. "किती हायत?"

अशा माणसाला कसं वळवावं हे तुम्हीही कधीतरी शोधलं असेल. मी रद्दीत आलेलं एक जाडजूड पुस्तक नेलं. युद्धावरची कादंबरी, कुठल्याशा परक्या भाषेतून मराठीत आलेली. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, शेवटचीही नाहीत. त्यामुळे नाव काय आणि लिहिलं कोणी, हे कळायला मार्ग नव्हता. फौजी माणूस, युद्धाचं पुस्तक, आता तरी गेट लवकर उघडेल, असा माझा अंदाज. सुभेदारांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि पास लिहिला: 'पुस्तक, नग एक, कव्हर नसलेलं. रिटर्नेबल.' भेट चालत नाय, म्हणाले, वाचायला ठेवतो. मी न वाचता सही ठोकली. पुढे दरवर्षी तपासणीला येणारे लोक त्या बंद न झालेल्या नोंदीवर बोट ठेवायचे आणि सुभेदार शांतपणे सांगायचे, "वाचन चालू आहे."

मला वाटलं होतं, पुस्तकात शौर्य असेल. निघालं भलतंच. त्यातली एक तुकडी एका पुलावर पहारा देत असते. पूल पुरात कधीच वाहून गेलेला असतो. पण तसं कळवलं तर तो कोणाच्या पहाऱ्यात गेला याचा जाब द्यावा लागेल, आणि पूलच नाही म्हटल्यावर तुकडीचं रेशनही बंद होईल. म्हणून पहारेकरी रोज सकाळी नदीकडे तोंड करून सलाम ठोकतो आणि वर कळवतो: पूल शाबूत आहे. मग एक दिवस वरून पुलाला रंग द्यायला माणसं येतात. ती रंग नदीत ओततात आणि काम झाल्याची सही घेऊन जातात.

सुभेदार हे मला वाचून दाखवायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. टेम्पो उन्हात तापत असायचा. एकदा मी विचारलं, फौजेची अशी टिंगल तुम्हाला चालते कशी?

"टिंगल पहारेकऱ्याची नाय, शेठ. तो जागेवर उभा हाय. टिंगल कागदाची हाय."

एका पानाचा कोपरा मात्र त्यांनी दुमडून ठेवला होता. ते पान ते वाचून दाखवायचे नाहीत. ते हसायचं नाय, एवढंच म्हणायचे.

मग हायवे रुंद झाला आणि त्यात माझी शेड गेली. सकाळी जेसीबी आला, दुपारी जमीन सपाट. बदली जागा मिळणार होती. पण भूसंपादन कार्यालयाच्या कागदावर शेड पाडल्याची नोंदच नव्हती. कागदावर ती उभी होती, आणि उभ्या शेडला बदली जागा देता येत नाही. पाडल्याचा पंचनामा हवा. पंचनाम्याच्या अर्जाला फोटो हवा, शेडच्या दारात उभ्या असलेल्या मालकाचा. मी विचारलं, दार कुठून आणू? समोरचा साहेब म्हणाला, फोटोशिवाय अर्ज घेता येणार नाही. मी टेबलावर हात आपटला, त्याचा चहा फायलींवर सांडला. त्यानंतर माझं तोंड दिसलं की शिपाई दार लावून घ्यायचा. इकडे माल ठेवायला जागा नाही. ज्या कंपन्या मला हाक मारायच्या त्या एकेक करून दुसऱ्याला बोलवायला लागल्या. उभ्या आयुष्याचा धंदा डोळ्यांदेखत चालला होता.

हे सगळं मी गेटवर शिव्यांसकट सांगितलं. सुभेदारांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग ते इतके हसले, की माझा हात पान्याकडे गेला.

"तुमची शेड शाबूत हाय, शेठ," ते म्हणाले. "तसंच कळवा त्यांना."

तिथेच टेबलावर त्यांनी मला फौजी नमुन्यात रिपोर्ट लिहून दिला. दर सोमवारी असा एक रिपोर्ट आवक खिडकीत द्यायचा आणि शिक्का घ्यायचा. आवाज चढवायचा नाही, ही अट. पहिल्या रिपोर्टात होतं: 'आपल्या नोंदीप्रमाणे माझी शेड शाबूत आहे. मात्र गेल्या आठवडाभर गोव्याकडे जाणाऱ्या एसटी, ट्रक व मोटारी तिच्या आतून गेल्या. शेडमधील वाहतूक थांबवावी, ही विनंती.' दुसऱ्यात: 'शेडच्या मधोमध आपण दुभाजक बांधून कण्हेर लावली आहे. तिला पाणी मी घालायचं की आपण, ते कळवावं.' तिसऱ्यात: 'शेडमध्ये काल एक कंटेनर बंद पडला. मी भंगार घेतो. तो माझा समजावा काय?'

मला हा पोरखेळ वाटत होता. पण शिक्का बसलेला कागद फायलीत जातो आणि कधीतरी उत्तर मागतो, हे सुभेदारांना पक्कं माहीत होतं. आणि उत्तर देणार काय? शेड नाही म्हणावं तर नोंद खोटी. आहे म्हणावं तर रस्ता खोटा. सहाव्या सोमवारी तोच साहेब स्वतः रामवाडीला आला.

सुभेदार त्या दिवशी रजा टाकून आले होते. कडक इस्त्रीच्या शर्टावर पदकं. जिथे माझ्या शेडचं दार होतं बरोबर तिथे, रस्त्याच्या कडेला, ते ताठ उभे राहिले. साहेबाची गाडी थांबताच त्यांनी सलाम ठोकला.

"शेड शाबूत आहे, सर. आत या."

मागून एसटी भणाणत गेली. साहेबाने रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला. गाडीच्या बॉनेटवरच पंचनामा लिहिला गेला. फोटोही निघाला, नसलेल्या दारात उभ्या असलेल्या माझा.

जागा मिळाली ती आतल्या बाजूला, मिठागरांकडे. गिऱ्हाइकाला फोनवर तीनदा वाट सांगावी लागते. तो राग अजून गेलेला नाही आणि मी तो सोडणारही नाही. पण धंदा वाचला. पेढे घेऊन गेलो, तर सुभेदारांनी ते मोजून रजिस्टरात लिहिले, "ह्ये रिटर्नेबल नाय," म्हणाले आणि गेटवर सगळ्यांना वाटले.

त्या दिवशी मी त्या दुमडलेल्या पानाबद्दल पुन्हा विचारलं. ते म्हणाले, त्या पानावर पहारेकरी थंडीने मरतो आणि सकाळचा रिपोर्ट तसाच जातो, पूल शाबूत आहे. "माझा एक जोडीदार असाच गेला, शेठ. बर्फात. ती चौकी सोडायचं आधीच ठरलेलं. कागद पोचला नव्हता."

सुभेदार गेल्या वर्षी गेले. मी निडीला घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने वर्तमानपत्रात बांधलेलं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "ह्ये तुमचं हाय ना, भाऊ? आजारपणात बांधून ठेवलं व्हतं. शेठ येतील तवा द्या म्हनले."

पुस्तकाला तो जुना पास टाचलेला होता. परतीच्या रकान्यात त्यांचं अक्षर: 'पुस्तक, नग एक. कव्हर नाही, शेवट नाही. स्थिती: शाबूत.' खाली फक्त घेणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी.

मी अजून सही केलेली नाही. परवा गेटवरच्या नव्या माणसाने रजिस्टर पुढे सरकवलं आणि विचारलं, ही एवढी जुनी नोंद आता बंद करायची का.

मी म्हणालो, "वाचन चालू आहे."