सरांच्या पाच फेऱ्या आणि एक युनियन

सर पाचव्यांदा दुकानाची पायरी चढले तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि नळाला पाणी चारला येणार होतं. हातात लोखंडी पाईपचा तुकडा, शर्टावर गंजाचे डाग, उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळलेला रुमाल. पाईप काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "वहिनी, याच्या एका टोकाला उलटे आटे पाडून हवेत."

बारा वर्षं मी सिडकोतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात उभी आहे. उलटे आटे मला तोवर कुणी मागितले नव्हते.

आटे म्हणजे पाईपच्या टोकाला स्क्रूसारख्या पाडलेल्या खाचा. उजवीकडे फिरवलं की घट्ट, डावीकडे फिरवलं की सैल. घराघरातले नळ याच रीतीनं बसतात. सरांना ती रीतच बदलून हवी होती.

देशपांडे सर मागच्या गल्लीत राहतात. गणिताचे मास्तर, आता निवृत्त. त्यांच्या आई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी येणार होत्या. त्याआधीचे पंधरा दिवस सर बाथरूम नीट करत होते. कमोड गवंड्यानं बसवला. धरायचा दांडा, न घसरणारी फरशी, हातात धरायचा फवारा हे सगळं सरांनी स्वतः. स्वतः काम काढणाऱ्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. एका स्क्रूसाठी तीनदा येणारी माणसं आहेत म्हणून तर आमच्या दुकानाला कळा आहे.

आता पाण्याचं सांगते, म्हणजे घाई कसली होती ते कळेल. आमच्या भागात पाणी आठवड्यानं येतं. लाईनमन कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह उघडतो, तासभर पाणी चालतं, तेवढ्यात अंगणातला हौद भरून घ्यायचा आणि आठवडाभर पुरवायचा. पाण्याच्या पाळीच्या दिवशी घरात एक माणूस थांबतोच, मग भाच्याचं लग्न का असेना. आणि सरांनी नेमका तोच दिवस धरून हौदाकडे जाणारा गंजलेला पाईप कापून काढला होता.

का, तर पाणी आल्यावर लगेच जोड गळतो की नाही ते तपासता येईल. गणिताच्या माणसाला उत्तराखाली ताळा लागतोच.

पाईप बसला नाही तर तासभर पाणी गल्लीत वाहून जाणार होतं आणि हौद आठवडाभर कोरडा राहणार होता. टँकरला फोन केला तर तो सवडीनं येतो. रबरी नळी खुपसून ठेवावी तर पहिल्याच दाबाला उडते. ऑपरेशन झालेली म्हातारी, अंथरूण, धुणं, नवा कमोड, आणि घरात पाणी नाही. सरांच्या डोळ्यांपुढे हेच होतं.

पहिल्यांदा ते साडेनऊला आले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत जाडी मोजायला असतं तसलं व्हर्नियर त्यांच्याकडे आहे. "बाहेरचा व्यास एकवीस पॉइंट तीन मिलिमीटर," ते म्हणाले. "म्हणजे अर्ध्या इंचाचा प्रश्नच येत नाही. पाऊण इंची पाईप द्या, लांबी सतरा इंच, दोन्हीकडे आटे." आकडे त्यांनी चिठ्ठीवर लिहूनही आणले होते. मी पाईप कापला, आटे पाडले, दिला.

हीच पहिली चूक, आणि ती जितकी सरांची तितकीच माझी. लोखंडी पाईपचं नाव त्याच्या आतल्या भोकावरून पडतं. अर्ध्या इंची पाईप बाहेरून मोजला तर पाऊण इंचापेक्षा जाडच भरतो. सरांनी माप दशांशापर्यंत अचूक घेतलं होतं, फक्त चुकीच्या जागी.

साडेदहाला पाऊण इंची परत आला, अर्ध्या इंची गेला. साडेअकराला तोही परत. आता लांबी कमी पडत होती. पाईप काटकोनात वळवायला जो तुकडा असतो त्याला एल्बो म्हणतात. सरांकडे दोन्ही टोकांना, एक जमिनीत आणि एक हौदाशी, असे एल्बो होते आणि त्यांनी एका एल्बोच्या तोंडापासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंत मोजलं होतं. पाईप दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच आत शिरतो, ते धरायचं राहिलं. मी अठरा इंची करून दिला. एक वाजता चौथी फेरी. "आटे पकडत नाहीत, वरून गुंडाळायची टेप द्या." मी टेप दिली. काही विचारलं नाही. काउंटरवर रंगाचं गिऱ्हाईक उभं होतं, मला त्याची घाई होती.

आणि आता हे उलटे आटे.

"उलटे कशाला, सर?"

"दोन्ही एल्बो जागचे हलत नाहीत," सर म्हणाले. "पाईप ओढूनताणून दोन्ही तोंडांना लावतो. पण या टोकाला घट्ट केलं की त्या टोकाला सुटतो. तिकडे घट्ट करावं तर इकडे सुटतो. म्हणून एक टोक उलटं असेल तर एकाच फिरवण्यात दोन्ही घट्ट होतील. लॉजिक साधं आहे."

लॉजिक खरंच बरोबर होतं. पण जमिनीतल्या त्या जुन्या एल्बोला ते कोण समजावणार? त्याच्या पोटातले आटे सरळच होते.

मी कपाळाला हात लावला. दोन्ही टोकं पक्की असली की मध्ये युनियन लागते, हे या धंद्यात पहिल्या महिन्यात कळतं. युनियन म्हणजे मधून उघडणारा जोड. पाईपचे दोन तुकडे करायचे, एकेक आपापल्या एल्बोत घट्ट बसवायचा, मधली दोन तोंडं समोरासमोर आणायची आणि वरची मोठी नट आवळायची. पाईप फिरत नाही, फक्त नट फिरते. माझ्या पाठीमागच्या फळीवर युनियनचा डबा होता. सकाळपासून सरांनी जे मागितलं ते मी दिलं होतं. घरी करताय काय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी युनियन काढून समजावून सांगितली. सरांना एका मिनिटात कळली. त्यांनी तिची नट एकदा फिरवून पाहिली आणि ती परत काउंटरवर ठेवली.

"आईला काल सांगून आलो, घरी सगळं तयार आहे म्हणून," ते म्हणाले. "आता माझ्या हातून नाही होणार, वहिनी."

मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. पाच फेऱ्यांतल्या निदान तीन मी वाचवू शकले असते.

आमचे नेहमीचे प्लंबर सलीमभाई. त्यांना फोन लावला.

"भाभी, मैं तो खुलताबाद में हूँ, दरगे के पास काम चलरा. शाम के पैले नै आ सकता."

"सलीमभाई, युनियन डालने का है, बस. दोनों तरफ एल्बो है."

"तो आपीच डाल देव ना! दुकान में रोज सबको तो बतातेच हैं."

फोन ठेवला आणि मी पाईप व्हाईसमध्ये अडकवला. व्हाईस म्हणजे लोखंडी शिकंजा. पाईप बरोबर मधोमध कापला आणि दोन्ही कापल्या टोकांना हातानं आटे पाडले. घाम निघतो या कामात. मग पिशवी भरली. युनियन, टेप, जोड गळू नये म्हणून आट्यांना लावायचा सफेदा आणि धागा, आणि दोन पाईपपाने, कारण एकानं धरायचं असतं आणि दुसऱ्यानं फिरवायचं.

आमचे सासरे, आबा, गल्ल्याशेजारी खुर्चीत बसून बघत होते. मूळचे कन्नडकडचे, शेती भावांवर सोडून त्यांनी हे दुकान काढलं. चाळीस वर्षं त्यांनी आटे पाडायची डाय फिरवलीय. आमचे हे माल आणायला जालन्याला गेलेले, त्यामुळे दुकानात आम्ही दोघंच.

"कुठं निघाली?" आबांनी विचारलं.

"सरांकडं. बसवून येते."

"तू? पाना घिऊन लोकाच्या दारात बसनार? इकायचं काम आपलं. बसवायचं नाय."

"मग कोण बसवणार, आबा? चारला पाणी येतंय."

"लोक काय म्हनतील?"

"पाणी आलं तर काही म्हणणार नाहीत," मी म्हणाले आणि सरांना स्कूटीवर मागं बसवून निघाले. मागून आबा काहीतरी ओरडले. मला वाटलं, रागावलेत. मी थांबले नाही.

दारात सरांच्या पत्नी, देशपांडे काकू, कळशी घेऊन उभ्या होत्या, जणू पाणी माझ्याबरोबरच यायचं होतं. मी फाटकाजवळ फतकल मारून बसले. पहिला तुकडा जमिनीतल्या एल्बोत बसवला. सफेदा, धागा, पाना. आटा चावला, म्हणजे घट्ट बसला. दुसरा तुकडा हौदाकडच्या एल्बोत. तोही चावला. युनियनचे दोन भाग दोन टोकांवर चढवले आणि एकमेकांसमोर आणायला गेले, तर ते समोर येईनात. एकमेकांवर चढले. पाईप लांब झाला होता.

युनियनची स्वतःची लांबी मी वजाच केली नव्हती! जवळजवळ सव्वा इंच. सकाळी सरांना एल्बोचं गणित शिकवणारी बाई मीच.

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं.

"मी आलेच," म्हणून पुन्हा स्कूटीला किक मारली. दिवसातली सहावी फेरी माझी. रस्ताभर हिशेब चालू होता: कापायला पाच मिनिटं, आटे पाडायला दहा, जायला पाच. बसवायला जेमतेम पंधरा मिनिटं उरत होती.

दुकानात शिरले तर आबा शर्ट काढून, बनियनवर, व्हाईसपाशी उभे. काउंटरवर सरांची सकाळची चिठ्ठी पडलेली, तिच्यावर पेन्सिलीनं वजाबाकी केलेली. आणि त्यांच्या हातात ताज्या आट्यांचा, सव्वा इंच आखूड केलेला तुकडा.

"युनियनचं माप कोन काढनार व्हतं, तुझा बाप?" ते म्हणाले. "मागून वरडलो तेच सांगाया. तू लई दामटली गाडी."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तुकडा घेतला.

"अन् ऐक," ते म्हणाले. "नट आवळताना उतावीळ व्हऊ नको. आदी हातानं, मंग पान्यानं."

साडेतीनला मी परत फाटकाशी. लांब तुकडा काढला, आखूड बसवला. या वेळी युनियनची दोन तोंडं समोरासमोर आली, अगदी ओठाला ओठ. वॉशर घातला, नट हातानं फिरवायला घेतली. पहिल्यांदा आटा तिरका लागला, सोडला. दुसऱ्यांदा सरळ लागला. तेवढ्यात पाईपमधून सूंऽऽ असा आवाज आला.

"हवा आली!" काकू ओरडल्या. पाण्याच्या आधी लाईनमधली हवा पुढे येते. चारला अजून दहा मिनिटं होती, पण लाईनमननं व्हॉल्व्ह लवकर उघडला होता. शेजारची मोटर घरघरायला लागली.

"सर, हा पाना धरा. घट्ट. हलू द्यायचा नाही."

सरांनी दोन्ही हातांनी पाना धरला. पाना हलला नाही. मी दुसऱ्या पान्यानं नट आवळली. अर्धा फेरा. पाव फेरा. जोडातून दोन-तीन तांबूस थेंब माझ्या मनगटावर पडले. अजून थोडी आवळली. पाईप एकदा थरथरला आणि मग त्यातून भरून पाणी वाहायला लागल्याचा तो जड आवाज आला. पलीकडे हौदात धार पडायला लागली.

मी कालचा पेपर मागितला, त्याचा तुकडा युनियनखाली धरला आणि शंभर आकडे मोजले. पेपर कोरडा. सरांनी तो माझ्या हातातून घेतला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"ताळा जमला," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. काकूंनी मला तिथंच मिठी मारली, गंजाच्या हातांसकट. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल. हौद काठोकाठ भरेपर्यंत मी तिथंच पायरीवर चहा पीत बसले, आणि आसपासच्या बायका मुद्दाम येऊन ती युनियन बघून गेल्या.

आई दुसऱ्या दिवशी आल्या. त्या युनियनला आता बरीच वर्षं झाली, अजून गळली नाही. गल्लीतली माणसं त्यानंतर दुकानात येऊन "वहिनी आहेत का?" विचारायला लागली. आबा पहिले काही दिवस कुरकुरले. मग एकदा एका गिऱ्हाईकाला सांगताना मीच ऐकलं, "सूनबाईला इचार, तिनं हातानं बसवल्यात."

आता कुणी काही मागितलं की मी आधी विचारते, घरी काय काम काढलंय? काही लोकांना ते आवडत नाही, त्यांना फक्त पाईप हवा असतो. तरी विचारते. गिऱ्हाईकानं सांगितलेलं माप बहुतेक वेळा खरं असतं. त्याला लागणारी वस्तू मात्र त्यानं मागितलेलीच असेल असं नाही, आणि ते विचारल्याशिवाय दुकानदारालाही कळत नाही.