मामीची जागा

घाटात एका ट्रकच्या मागे आमची गाडी अडकली होती. मामाची ही जुनी अमेरिकन गाडी लांबलचक आहे, मागे माशाच्या शेपटीसारखी उभी पाती आहेत आणि स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे ट्रकपलीकडचं मामाला काही दिसत नाही, ते दिसतं उजवीकडे बसलेल्याला. एरवी तिथे मामी असते. आज तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मी बसलो होतो.

"मोकळं आहे का?" मामाने विचारलं.

रस्ता रिकामा होता. पण वळण जवळ होतं, म्हणून मी पुन्हा वाकून पाहिलं.

ही गाडी रुंद, सरळ रस्त्यांच्या देशात श्रीमंतांसाठी बनली, मग इथल्या एका संस्थानिकाकडे आली आणि फिरत फिरत मामाकडे. लोक अजूनही थांबून बघतात. आम्हीही बघायचो. ताठ बसलेली, नजर समोर, कुणाशी न बोलणारी मामी आम्हाला राणीसारखी वाटायची.

"अरे, मोकळं आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"तुझी मामी एव्हाना 'चला' म्हणाली असती."

मी दाराची कड घट्ट धरली. तिथल्या मऊ चामड्यात चार नखांच्या खोल खुणा आधीपासूनच होत्या.