ईशानचा टाक

मिनियापोलिसच्या मराठी मंडळात सोलांजताईंबद्दल दोन प्रवाद होते. एक, की त्यांनी फ्रेंच नवऱ्याला सोडलं ते त्याला वरण-भात आवडेना म्हणून. दुसरा, की त्या जेजुरीच्या एका सोनाराच्या प्रेमात होत्या. पहिला त्यांनी स्वतःच पसरवला होता. दुसऱ्याला त्या नुसत्या हसायच्या, त्यामुळे तो अधिक टिकला.

खरं इतकंच, की सोलांज व्हासेल नावाची लिऑनची मुलगी पॅरिसला कलेचा इतिहास शिकली आणि देवघरातल्या टाकांवर प्रबंध लिहायला महाराष्ट्रात आली. टाक म्हणजे हाताच्या तळव्यात मावणारा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला देव, नाहीतर घराण्यातला कुणी मेलेला माणूस. तीन वर्षं ती त्या सोनाराच्या भट्टीशेजारी बसली आणि मराठी शिकली, तीही शिव्यांसकट. पुढे मिनियापोलिसच्या एका म्युझियमनं तिला बोलावलं. तिथं ती क्यूरेटर झाली, म्हातारी झाली, आणि ईडन प्रेरी या उपनगरातल्या समस्त पोरांची काकू झाली. गणपतीत नऊवारी नेसून यायची. आपल्या बायका जीन्समध्ये, आणि ही लुगड्यात! "अहो ताई, निऱ्या सुटल्या तर फ्रान्सची अब्रू जायची," असं वीणा तिला चिडवायची.

वीणा तिची सगळ्यात जवळची. वीणाचा मुलगा ईशान गेल्या वर्षी जानेवारीत बर्फावरून गाडी घसरून गेला. चोविसाव्या वर्षी, लग्नाआधी. वीणाचं सासर नाशिकचं. तिकडे असा अवेळी गेलेला माणूस वीर होतो. त्याचा टाक देवघरात बसतो आणि धुळवडीला वाजतगाजत गोदावरीवर न्हायला जातो. सासूबाईंनी टाक घडवून घेतला, वीणाच्या नवऱ्यानं, शशिकांतनं, तो नाशिकहून आणला. घोड्यावर बसलेला, फेटा बांधलेला ईशान. जन्मात पोरानं घोडा पाहिला होता तो स्टेट फेअरच्या जत्रेत.

सोलांज भेटायला गेली तेव्हा वीणानं तो रुमालासकट तिच्या हातात कोंबला.

"घेऊन जा, सोलांजताई. मला हा घरात नको. तुमच्याकडेच राहू दे कायमचा."

आता इथं बाई चुकली. तीस वर्षं आपल्यात वावरलेली ही बाई. पोटचं पोर गेलेल्या आईचं असलं बोलणं धरून ठेवायचं नसतं, वस्तू जपायची आणि मागण्याची वाट पाहायची, हे तिला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. पण तेव्हा तिच्या आयुष्यातलं शेवटचं प्रदर्शन उभं राहत होतं. अडीचशे वर्षांचे टाक जमले होते, आणि एकच गोष्ट कमी होती: अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचा टाक. तो हातात येऊन पडला. तिनं तो म्युझियमला दान म्हणून घेतला. दाखवलेल्या जागी वीणानं सही केली.

प्रदर्शन गाजलं. शेवटच्या कपाटात, एका दिव्याखाली, ईशान एकटाच होता. लोक तिथं थांबायचे, आवाज खाली करायचे. सोलांजला त्याचं समाधान वाटायचं, आणि वाटतंय याची लाजही.

फेब्रुवारीत वीणाचा फोन आला.

"ताई, धुळवडीला आम्ही नाशिकला चाललोय. सासूबाई विचारतात, वीर कुठाय? काय सांगू? तो द्या मला परत."

"देते," सोलांज म्हणाली. चटकन म्हणाली, कारण नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

डायरेक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. दिलेली वस्तू परत करायची तर बोर्डासमोर विषय जायला हवा, आणि बोर्ड जूनमध्ये बसणार. उसना द्या म्हटलं, तर देशाबाहेर, नदीत बुडवायला? छे. सोलांजची मदतनीस केया, आईबाप ठाण्याचे पण पोरगी इथलीच, हिनं तर दारातच गाठलं.

"काकू, आय लव्ह यू, पण यू न्यू. तुम्हाला माहीत होतं ना, वीणामावशी मीन करत नव्हती?"

"होतं," सोलांज म्हणाली.

"मग?"

म्युझियम बंद असतं त्या सोमवारी सोलांजनं स्वतःच्या किल्लीनं कपाट उघडलं, टाक हातरुमालात बांधला आणि ईडन प्रेरीची वाट धरली. रस्त्याकडेला काळं पडलेलं बर्फ होतं. केयानं तिला जाताना पाहिलं होतं. आपण आता ऑफिसात कळवणार हे तिनं डोळ्यांनीच सांगितलं, आणि सोलांजनं मान डोलावली.

वीणानं दार उघडलं. मागे हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या. तिनं रुमाल सोडला, टाक कपाळाला लावला, मग उलटा केला. पाठीवर बारीक लाल आकडे होते.

"हे काय?"

"नंबर आहे. संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूला घालतात."

"प्रत्येक वस्तूला."

"वीणा, मी..."

वीणा आत गेली. सोलांज चपलांच्या रांगेपाशी उभी राहिली. नळ सुटल्याचा आवाज आला, मग तारेच्या घासणीचा. तिला राहवेना. "अगं, तारेनं नको! ते ॲसिटोननं पुसलं की जातं. चांदी मऊ असते, पुढून दाबलास तर चेहरा जाईल त्याचा!"

घासणं थांबलं नाही. बऱ्याच वेळानं वीणा ओल्या हातांनी बाहेर आली.

"जाऊ दे चेहरा. मला पाठ आहे तो." मग दार धरून म्हणाली, "निघा तुम्ही, ताई. मला पॅकिंग आहे."

पोलीस आले नाहीत. म्युझियमला बोभाटा नको होता. सोलांजकडून किल्ल्या घेतल्या, राजीनामा लिहून घेतला, आणि प्रदर्शनाच्या पाटीवरून नाव उतरवलं. मंडळात मात्र बोभाटाच बोभाटा. "गोरी बाई शेवटी गोरीच, देव पळवले आणि पकडली गेली," असं आसावरी चहाच्या वेळी म्हणाली, आणि जिला खरं सांगता आलं असतं ती वीणा कपात बघत राहिली. बोलली असती तर आधी स्वतःचं वाक्य सांगावं लागलं असतं, की मला हा घरात नको.

धुळवडीला सोलांज घरीच होती. नाशिकला दुपार झाली असेल, संबळ वाजत असेल, शशिकांतनं ईशानला वाटीत धरून पाण्यात उतरवलं असेल, या हिशोबानं ती पहाटेपासून फोन समोर ठेवून बसली. फोटो आले होते. शशिकांतनं मंडळाच्या ग्रुपवर टाकले होते, आणि त्या ग्रुपमधून तिला मागच्याच आठवड्यात काढलं होतं.