मुक्या बदकाचं बाळंतपण

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो, कारण एकदा तुम्ही हसायला लागलात की तो गार होणार. गोष्ट माझ्याच फजितीची आहे. आमच्या सोसायटीत ती अजून तिखटमीठ लावून सांगतात, तेव्हा म्हटलं, तुमच्या कानावर माझ्याच तोंडून गेलेली बरी.

एवढं फक्त ध्यानात ठेवा, की त्या वेळी मला शाळेत विज्ञान शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती. जीवशास्त्रासकट!

बोरिवलीला, खाडीच्या बाजूला, तळमजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा. मागे अंगण. अंगण म्हणजे काय, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये बिल्डरला विकता न आलेली जमीन. तिथे आमच्या कुमुदने तीन बदकं पाळली होती. पांढरीशुभ्र, एकसारखी एक. गोराईहून होडीने मासळी घेऊन येणाऱ्या हौसाबाय कोळणीकडून तिने ती पिल्लं असताना आणली. एक मोठं. एकाच्या पंखावर राखाडी ठिपका, म्हणून ते ठिपकं. आणि तिसरं मुकं. पहिली दोन अशी बोंबलायची की तिसऱ्या मजल्यावरची माणसं घड्याळ न लावता उठायची. मुकं मात्र घसा बसल्यासारखं नुसतं खर्र करायचं.

मी या भानगडीत कधी पडलो नाही. कुमुद बदकांचं काही सांगायची आणि मी पेपरातून मान वर न काढता 'हं' म्हणायचो. या एका अक्षरावर आमचा संसार चोवीस वर्षं नीट चालला. बोलायचं खातं तिच्याकडे होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात आवाज दोनच. तिचा आणि बदकांचा.

अंडी ती दर वर्षी शेजारीपाजारी वाटून टाकायची. शेवटच्या वर्षी मात्र, इस्पितळात, नळ्या लावलेल्या असताना ती म्हणाली, "यंदा अंडी वाटायची नाहीत हं. यंदा पिल्लं काढायची."

मी 'हं' म्हटलं.

पौषात ती गेली. मागे राहिली तीन बदकं आणि माझं ते 'हं'. आजवरची माझी सगळी 'हं' वाऱ्यावर गेली होती. हे एक मला खरं करून दाखवायचं होतं.

आता पिल्लं काढायची तर आधी मादी कोणती ते कळायला हवं, नाही का? मी शास्त्रीय विचार केला. कोंबडा आरवतो, कोंबडी आरवत नाही. कोकिळांमध्ये गातो तो नर. डबक्यातला बेडूकसुद्धा नरच ओरडतो. म्हणजे मोठं आणि ठिपकं हे दोन नर, आणि मुकं बिचारं मादी. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष! एखाद्या मुलाने वहीत लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते.

तुम्ही म्हणाल, प्रत्यक्ष पुरावा? तो रोज सकाळी पाण्याच्या टबात मिळत होता. पण तशा वेळी मी तोंड फिरवून घरात यायचो. अहो, पुनरुत्पादनाचा धडादेखील मी वर्गात "घरून वाचून या" म्हणून सोडून द्यायचो! मुलं तो न सांगताही वाचायचीच.

फाल्गुन उजाडला. खुराड्याच्या कोपऱ्यात नऊ अंडी जमली. एका सकाळी बघतो तर मोठं त्यांच्यावर पसरून बसलेलं. हात पुढे केला तर फिस्कारलं आणि मनगटाला चावलं. मला संताप आला. नवरा होऊन बायकोची जागा अडवतोस?

केरसुणीने त्याला बाहेर काढलं. अंडी उचलून आंब्याच्या रिकाम्या पेटीत, पेंढ्यावर मांडली. पेटी स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली. आणि मुकं दोन हातांनी उचलून मोठ्या मायेने अंड्यांवर बसवलं.

ते उठलं.

मी पुन्हा बसवलं. ते पुन्हा उठलं आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा दहावीचा वर्ग भूमितीच्या फळ्याकडे बघतो. शेवटी मी एका हाताने त्याची पाठ दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने पेपर वाचला. स्वयंपाकाला उठलो की त्याच्यावर टोपली उपडी घालायची, आणि टोपलीवर नकाशांचं जाड पुस्तक.

बाहेर मोठ्या बदकाने आकाशपाताळ एक केलं होतं. मागच्या दाराला चोच आपटून आपटून बोंबलत होतं. मी दार किलकिलं करून त्याला शांतपणे समजावलं, "बाबा रे, या वेळी पुरुषांचं इथे काही काम नसतं."

हे मी म्हटलंय! माझ्या तोंडाने!

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या सावंतवहिनी खाली आल्या. त्या कुडाळकडच्या. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचे यजमान मरोळला एका कारखान्यात रखवालदार होते.

"मास्तरांनू, कित्याक एवढा आराडता ता?"

"बाप होणार आहे ना, वहिनी."

"आणि ह्या टोपलेखाली काय?"

"बाळंतीण."

वहिनींनी वाकून बघितलं. "पण ती बसना नाय हा!"

"पहिलटकरीण आहे."

"तसा आसात," वहिनी म्हणाल्या. "आमच्या गावाक कोंबी बसयतत. बदकाचा माका काय कळना नाय." आणि संध्याकाळी वाटीभर अळिवाची खीर घेऊन आल्या. "बाळंतिणीक द्या."

मुक्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. तिथून पुढे रोज खीर. ते अंड्यांवर काही बसेना, पण अंगाने मात्र चांगलंच भरलं.

शाळेत माझं लक्ष लागेना. चौथा तास झाला की मी घरी पळायचो. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावून घेतलं. कुमुद गेल्यापासून ते माझ्याशी हळू आवाजात बोलत.

"सर, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीचं काही नाही. घरी बाळंतीण आहे."

हेडसरांनी पेन खाली ठेवलं. माझी बायको पौषात गेलेली, मूलबाळ नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"कोण… म्हणजे, तुमच्या नात्यातली?"

"कुमुदनेच आणलेली. लहान होती तेव्हापासून आमच्याकडेच आहे. काही बोलत नाही बिचारी. मी नसलो की उठून निघून जाते."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. "जा तुम्ही," ते म्हणाले, "आधी घरी जा. तास मी बघतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मान्य! पण एखादा माणूस डोळ्यांत पाणी आणून आपल्याकडे बघत असेल, तर त्याला 'सर, बदक आहे ते' असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी नमस्कार केला आणि निघालो.

आला रविवार. सकाळी मागच्या दाराशी टोपली टेकल्याचा आवाज आला. हौसाबाय! कुमुदचं कळल्यापासून ती आमच्याकडे फिरकली नव्हती. पायरीवर बसली, पदराने डोळे टिपले. मी तिला पाणी दिलं. मग अंगणातलं बोंबलणं तिच्या ध्यानात आलं.

"मोठीला काय झालं रं?"

"मोठीला? तो नर आहे, हौसाबाय. चार दिवस असाच ओरडतोय. मादी आत आहे, अंड्यांवर."

"कनची मादी?"

मी तिला आत नेलं. नकाशांचं पुस्तक उचललं, टोपली काढली. मुकं अंड्यांकडे पाठ करून, पेटीच्या कडेला चोच टेकून उभं होतं. चाळीत भांडण झाल्यावर माणसं गॅलरीत उभी राहतात तसं.

हौसाबायने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ती जमिनीवरच बसली. तिला हसू आवरेना. हसता हसता पुढे हात घालून तिने मुकं उचललं आणि त्याची शेपटी माझ्या नाकासमोर धरली.

"ह्यो कुरला पीस बघ! वर वललेला! मास्तर, यो बाप्या हाय, बाप्या!"

नेमक्या त्याच क्षणी पुढच्या दारातून कुणी तरी म्हणालं, "येऊ का सर?"

हेडसर! आणि सोबत त्यांच्या मिसेस. बाईंच्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून डोकावत होतं दुपटं, दोन झबली, एक टोपडं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा.

"बाळंतीण कुठे आहे?" बाईंनी अगदी कुजबुजत्या स्वरात विचारलं.

हौसाबायने बदक तसंच उलटं धरून त्यांच्यापुढे केलं. "ही काय! या मास्तरचा बालंतीण! चार दिस दादल्याला अंड्यांवर बसवलाय यानी!"

मला त्या वेळी ओट्याखाली, त्या पेटीत, जागा झाली असती तर मी बसलो असतो. अंड्यांवरसुद्धा.

"पण हौसाबाय," मी म्हटलं, "हे तर ओरडत नाही…"

"दादला ओरडतंय कुठं? बदकांत बोंबलते ती बायको. दादल्याचा गला असाच, बसलेला. खर्र खर्र. बावीस वर्सं पोरांना काय शिकवतंस रं तू?"

हेडसरांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

हौसाबायने मागचं दार उघडलं. मोठं आत शिरलं. हेडसरांच्या बुटावर पाय देऊन, कुणाकडे न बघता, थेट ओट्याखाली गेलं. पेटीत चढलं. चोचीने एकेक अंडं उलटं केलं, पोटाखाली ओढलं, पंख पसरले आणि बसलं. घरात एकदम शांतता पसरली. चार दिवसांत पहिल्यांदा.

"अंडी… गेली असतील का?" मी विचारलं. हसणारी माणसं जरा थांबली.

हौसाबायने पेटीजवळ कान नेला, जसं काही तिला आतलं ऐकू येणार होतं. "नीट ऊब लागलीच नाय त्यांना. म्हंजे सुरुवातच झाली नाय. आता बसलीय ना ती. काय निघतील, काय नाय." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "कुमुदबाय या दादल्याला काय हाक मारायची, ठावं हाय?"

"मुकं."

"ते तुज्यासमोर. माज्याजवल सांगायची, 'हौसाबाय, आमच्या मास्तरला दोन दाणे जास्त टाकते बघ. ह्या दोघी बोंबलतात, आन् मास्तर आपला एका बाजूला उभा राहून हं करतो.'"

मग मात्र सगळेच हसले. हेडसर, बाई, खिरीची वाटी घेऊन दारात येऊन उभ्या राहिलेल्या सावंतवहिनी. मीही हसलो, बऱ्याच महिन्यांनी. मग चहा टाकतो म्हणून गॅसकडे वळलो, आणि तो चहा जरा जास्तच वेळ उकळला.

विचार करा! चोवीस वर्षं ज्या घरात एक जण बोलत होती आणि दुसरा 'हं' म्हणत होता, त्या घरातल्या माणसाला हे कळू नये, की ओरडतो तो नर नसतो?

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी पेटीतून बारीक टकटक ऐकू आली. नऊपैकी चार निघाली. पिवळीधमक, ओली. झबली त्यांना मोठी झाली, पण दुपट्याचा उपयोग झाला. हेडसर रोज मधल्या सुट्टीत विचारायचे, "बाळं कशी आहेत?" आणि त्या वर्षीपासून तो धडा मी वर्गात पूर्ण शिकवला. आवाज जरा बसकाच होता, पण शिकवला.

मुक्याचं नावही बदललं. म्हणजे खरं नाव होतं तेच सोसायटीभर झालं. अजून संध्याकाळी सावंतवहिनी वरून पोळीचा तुकडा टाकायला गॅलरीत येतात आणि हाक मारतात, "मास्तरांनू!"

अंगणात आम्ही दोघंही एकदमच मान वर करतो.

"तुमका न्हय ओ," वहिनी म्हणतात, "तेका!"