डोळे मिटल्यावर काय दिसतं?

सुकापूरच्या आमच्या सोसायटीत दर शनिवारी आम्ही चार आया पोरांना घेऊन क्लबहाउसमध्ये गोष्ट वाचायला जमतो, आणि एकही शनिवार किस्सा घडल्याशिवाय जात नाही. बाकीच्यांना ते आठवून हसू येतं. माझी झोप उडते! पहिल्या शनिवारनंतर तर पहाटेपर्यंत छताकडे बघत होते.

नियम साधा: एक पान वाचायचं, डोळे मिटायचे, काय दिसतं ते सांगायचं. माझी सात वर्षांची ईरा खडाखडा वाचते, जणू बातम्याच देतेय. मी ऐटीत विचारलं, "काय दिसलं गं?"

"काळं."

"अगं, गोष्टीतलं!"

"डोळे मिटल्यावर काळंच दिसतं ना, आई?"

*

आमच्या चौघींतल्या मानसीची ओवी ईराच्याच वर्गात. वाचताना अडखळते (हे मी मनात नोंदवून ठेवलंय). पण डोळे मिटले की सुरूच! गोष्टीत एवढंच होतं की आजोबा विहिरीवर गेले. ओवी म्हणते, "त्यांची एक चप्पल सुतळीनं बांधलीय. म्हणून हळू चालतायत."

पुस्तकात चप्पल नव्हतीच!

"घरी काय करून घेतेस गं?" मी गोड आवाजात मानसीला विचारलं.

"काही नाही गं, तिला आपोआपच दिसतं!"

आपोआप! या एका शब्दावर मी आठवडाभर जळले.

*

मग मी ईराची तयारीच करून घेतली. पुढची गोष्ट होडीची, असं ग्रुपवर आलं होतं. "निळंशार पाणी, वर पांढरे बगळे, जाळ्यात चंदेरी मासे." तीन दिवस पाठांतर. शनिवारी ते पुस्तक आणायलाच कुणीतरी विसरलं आणि ऐनवेळी शिंप्याची गोष्ट निघाली. ईरानं डोळे मिटले. मी खुणा करत होते, पण मिटलेल्या डोळ्यांना खुणा काय दिसणार! शिंप्याच्या दुकानात निळंशार पाणी भरलं. बगळ्यांसकट!

मानसी म्हणाली, "कल्पनाशक्ती छान आहे हं!"

ईराला घेऊन लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मी हसतच होते. तो "हं" मला अजून ऐकू येतो.

*

एकदा मिठागराची गोष्ट होती. पांढरे ढीग म्हटल्यावर सगळ्या पोरांना बर्फच दिसला. आम्ही आया मोबाइलवर फोटो शोधायला लागलो. त्या दिवशी छोट्या तन्वीबरोबर तिची जासई गावची आजी आली होती. निम्मा जन्म मिठागरात गेलेला. ती म्हणाली, "फोटूत काय दिसनार? आमी दिवसभर त्या पान्यात उभ्या. तलपाय चिरायचे, वर मीठ! आता मिटा डोले."

सगळ्या पोरांनी पाय वर ओढून घेतले. ईरानंसुद्धा! पण बोलली कोण, तर ओवी. "आजी, मग तुम्ही घरी कशा चालत जायचात?"

आजीनं तिला मांडीवरच घेतलं. मला आजीचाही राग आला.

*

गेल्या शनिवारी शर्यतीची गोष्ट. खेड्यातला माळ, पोरी धावतायत, सगुणा पहिली येते. "दुसरी आलेल्या मुलीच्या आईनं टाळ्या वाजवल्या." पान संपलं. पाळी ईराची. मी आधीच मान खाली घातली.

"काय दिसतंय, ईरा?" मानसीनं विचारलं.

ईरानं डोळे घट्ट मिटले.

"ती आई टाळ्या वाजवतेय. सगळ्यांपेक्षा जोरात."

दिसलं! माझ्या लेकीला दिसलं! मी विजयानं मानसीकडे पाहिलं.

"अरे वा! आणि हसतेय का गं ती?" मानसीनं विचारलं.

"हो," ईरा डोळे न उघडता म्हणाली, "पण लिफ्टचं दार बंद झालं की थांबणारे."