शून्यांनी भरलेलं पॅकेट

नवऱ्याची हवाई दलातली बदली चंदीगडला झाली, तेव्हा मला सेक्टर ३४ मधल्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं. नेटवर्कवरून माहिती पॅकेटांतून येते. ती पॅकेटं कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातच, तपासणारे प्रोग्राम आमच्याकडे लिहिले जात. ते कुठे चुकतात, हे मी शोधायचं. मोठं पॅकेट मेमरीत सलग मावत नाही, त्याचे तुकडे वेगवेगळ्या जागी पडतात. प्रोग्रामला एका तुकड्यातून दुसऱ्यात जाऊन वाचता यायला हवं. त्यासाठी मी टेस्ट लिहिली, ती पास झाली आणि शुक्रवारी मी तसं कळवून टाकलं.

शनिवारी सकाळी कशात लक्ष लागेना. टेस्ट पहिल्याच फटक्यात पास झाली होती. माझं असं सहसा होत नाही. पोह्यांत मीठ दोनदा पडलं. मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत होती, मध्येच थांबली. "मम्मा, आप सुन ही नहीं रहे हो."

"ऐकतेय गं," म्हणत मी लॅपटॉप उघडला.

अर्ध्या तासात सापडलं. टेस्टचं पॅकेट मी नुसत्या शून्यांनी भरलं होतं. प्रोग्राम दुसऱ्या तुकड्यापर्यंत पोचतच नव्हता, आणि वाचता आलं नाही की शून्य देऊन मोकळा होत होता. अपेक्षित उत्तरही शून्यच, म्हणून टेस्ट पास. पहिल्या तुकड्यात एक आणि दुसऱ्यात दोन भरून पाहिलं. टेस्ट नापास.

सोमवारी तो प्रोग्राम ग्राहकाकडे जाणार होता. फोन हातात धरून मी गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिले. नव्या टेस्टमध्ये प्रोग्रामचा दोष सापडला, एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं. शुक्रवारचं कुणी विचारलं नसतं. तो विचार मनात आला, हे खरं. शेवटी पंचकुल्यात राहणाऱ्या आमच्या टीम लीडला फोन लावला.

"मॅम, शुक्रवार का टेस्ट गलत था. मेरी गलती है."

शून्यांचा घोळ मी तिला समजावून सांगितला. मग ती म्हणाली, "और प्रोग्राम तो मैंने लिखा था जी."

सोमवारी आम्ही दोघी शेजारी बसलो. तिने प्रोग्राम दुरुस्त केला, मी टेस्ट नव्याने लिहिली. त्या टेस्टमुळे प्रोग्राममध्ये आणखी एक चूक निघाली. काम गुरुवारवर गेलं. ग्राहक फोनवर चिडला, तेव्हा तिने माझं नाव घेतलं नाही. मी समोर बसून ऐकत होते आणि हातातलं पेन उघडत-मिटत होते.